लेखणी डॉक्टरची, थैली रोग्याची

अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. तिच्यांतील शहाणपण निर्विवाद आहे. परंतु ज्याचें अंथरूण त्याचेच पाय आणि पसरणाराहि तोच, असें त्या शहाणपणाच्या मुळाशीं गृहीत धरलेलें आहे. संसारांतील बहुतेक व्यवहार असेच असतात. कापड घेणारा मनुष्य तें स्वतः पारखतो, स्वतः दाम मोजतो आणि स्वतःच्याच अंगावर घालतो. तें विटलें किंवा उसवलें तर पस्तावतो तोहि तोच. औषधोपचाराचा व्यवहार मात्र या म्हणीच्या कक्षेंत बसत नाहीं. येथें औषध निवडणारा एक, तें घेणारा दुसरा, आणि त्याचे पैसे भरणारा पुष्कळ वेळां तिसराच असतो. डॉक्टर चिठ्ठी लिहितो, पण तिच्यापायीं त्याच्या खिशांतून एक पैहि जात नाहीं. रोगी औषध पोटांत घेतो, पण तें हवें होतें कीं नव्हतें, त्याच्या जागीं दुसरें चाललें असतें कीं नाहीं, हें ठरविण्याचें ज्ञान त्याच्यापाशीं नसतें. आणि पैसे भरतो तो रोग्याचा मुलगा, भाऊ, सावकार, विमा कंपनी किंवा सरकार. अंथरूण एकाचें, पाय दुसऱ्याचे आणि पसरणारा तिसरा! केनेथ अ‍ॅरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९६३ सालीं एका निबंधांत वैद्यकाचा बाजार इतर बाजारांसारखा कां वागत नाहीं याची फोड केली. आजाराची अनिश्चितता आणि देणारा व घेणारा यांच्या ज्ञानांतील अंतर, यांवर त्यानें विशेष भर दिला. आरोग्याचें अर्थशास्त्र या नांवानें जी विद्या पुढें वाढली तिच्या उगमांपैकीं हा निबंध एक मानला जातो.

त्या विद्येचा सबंध पसारा येथें मांडावयाचा नाहीं. चिठ्ठी लिहिणाराच्या मनांत ती जो एक नैतिक प्रश्न उभा करते तेवढ्याचाच विचार करावयाचा आहे. रोग्याच्या उशाशीं बसलेल्या डॉक्टरनें पैशाचा विचार करावा काय? पुष्कळ सज्जन डॉक्टरांचें उत्तर 'करूं नये' असें असतें, आणि तें सज्जनपणामुळेंच असतें, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. ते म्हणतात, रोग्यानें आपला जीव आमच्या हातीं दिला आहे. त्याच्यासमोरच्या पारड्यांत रुपये टाकून तो तोलणें हा विश्वासघात होय. भाव पाहणें हें दुकानदाराचें काम, उत्तम काय तें सांगणें हें आमचें काम. वकील जसा अशिलाची बाजू मांडतांना कोर्टाचा वेळ किती जातो याचा हिशेब करीत नाहीं, तसेंच हें. नॉर्मन लेव्हिन्स्की या अमेरिकन डॉक्टरनें १९८४ सालीं हाच पक्ष मोठ्या जोरानें मांडला होता. डॉक्टरचा धनी एकच, तो म्हणजे समोरचा रोगी. समाजाच्या तिजोरीची राखण करण्याचें काम त्यानें पत्करूं नये, असा त्याच्या प्रतिपादनाचा मथितार्थ होता. या पक्षांत तथ्य आहे. किती आहे तें पुढें पाहूं.

आपल्या प्राचीन वैद्यकाला मात्र पैशाचें इतकें वावडें नव्हतें. वाग्भटानें अष्टांगहृदयांत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. रोग्याच्या अंगीं जे चार गुण असावे म्हणून तो म्हणतो त्यांतील पहिलाच 'आढ्य', म्हणजे धनवान्, हा आहे! वैद्याचें ऐकणें, आपलें दुखणें नीट सांगतां येणें आणि धीर असणें हे त्यानंतरचे. आजच्या वाचकाला हें वाचून हसूं येईल, किंवा रागहि येईल. परंतु त्यांत निर्दयपणापेक्षां रोखठोकपणा अधिक आहे. पैसा हा उपचाराच्या बाहेरचा विषय नसून ज्या चार पायांवर उपचार उभा राहतो त्यांतल्या एकाचा तो भाग आहे, एवढें त्यानें न लाजतां नोंदविलें. चरकाचें मन याहून मोठें. सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायांत राजे व श्रीमंत यांच्या शोधनोपचारासाठीं घर कसें असावें, चाकर कोणते, भांडीं कोणतीं, जिन्नस कोणते जमवावे याची लांबलचक जंत्री दिल्यावर तो दरिद्री रोग्याकडे वळतो. अशा माणसानें दुर्मिळ सामग्री गोळा करण्याच्या भरीस न पडतां वेळेवर औषध घ्यावें. सर्वांपाशीं सर्व साधनें नसतात, आणि भयंकर रोग गरिबांना होत नाहींत असेंहि नाहीं, असा त्याचा आशय आहे. उत्तम उपचार आणि या माणसाला शक्य असलेला उत्तम उपचार, या दोन गोष्टी निराळ्या आहेत; आणि दुसरी सांगणें हेंहि वैद्याचेंच काम आहे, हें त्यानें ओळखलें होतें.

आतां आजच्या थैलीकडे वळूं. भारतांत आरोग्यावर जो एकंदर खर्च होतो त्यांपैकीं लोकांनीं उपचाराच्या वेळीं स्वतःच्या खिशांतून भरलेला भाग २०१३-१४ सालीं ६४.२ टक्के होता. सरकारी हिशेबाप्रमाणें तो २०२१-२२ सालीं ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट समाधानाची आहे, परंतु उरलेला भागहि लहान नाहीं. या आंकड्यांचा उशाशीं बसलेल्या डॉक्टरशीं संबंध काय? संबंध असा कीं, जेथें रोगी स्वतः पैसे भरतो तेथें औषधाची किंमत हा त्या औषधाचाच एक परिणाम आहे. मळमळ, चक्कर, अंगावर पुरळ हे जसे परिणाम, तसाच गहाण पडलेला दागिना, विकलेली शेळी, शाळेंतून काढलेली मुलगी हाहि परिणामच. पहिल्या प्रकारच्या परिणामांची विचारपूस न करतां औषध देणाऱ्यास आपण निष्काळजी म्हणतों. दुसऱ्या प्रकारच्या परिणामांची विचारपूस न करणारास मात्र तो पैशाच्या वर आहे असें म्हणून आपण हात जोडावे, हें कोणत्या न्यायानें?

औषधाच्या दुकानापाशीं संध्याकाळीं दहा मिनिटें उभें राहिलें तर या प्रश्नाचें खरें रूप दिसतें. चिठ्ठी पुढें करून माणूस प्रथम विचारतो, "सगळ्याचे किती होतील?" आंकडा ऐकल्यावर जरा थांबतो आणि मग विचारतो, "यांतलं मुख्य कोणतं?" पांच औषधें लिहिलेलीं असतात, दुकानदार अंदाजानें दोनांवर बोट ठेवतो. किंवा सात दिवसांचें औषध लिहिलेलें असतें आणि गिऱ्हाईक म्हणतें, "सध्यां दोन दिवसांचंच द्या, उरलेलं पगार झाला कीं नेतो." जंतुघ्न औषधाचे दोन दिवस पोटांत जातात, ताप उतरतो, आणि उरलेले दिवस जातच नाहींत. डॉक्टरनें किंमतीचा विचार न केल्यामुळें किंमत नाहींशी झाली नाहीं. ती विचारांत घेण्याचें काम त्याच्या हातून निसटून दुकानदाराकडे, आणि त्याच्याकडून घाबरलेल्या नातेवाइकाकडे गेलें. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त कळतें त्याच्याकडून ज्याला सर्वांत कमी कळतें त्याच्याकडे गेलें, इतकेंच. पांचांतलें मुख्य कोणतें हें डॉक्टरला ठाऊक होतें. त्यानें तें चिठ्ठीवर अग्रक्रमानें लिहिलें असतें तर त्याच्या पवित्र तटस्थतेला कोणता बट्टा लागला असता?

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. पैशाचा विचार करणें म्हणजे स्वस्त औषध लिहिणें नव्हे. हृदयाच्या ठोक्यांत अनियमितपणा असणाऱ्या कांहीं रोग्यांना रक्ताच्या गुठळ्या होऊं नयेत म्हणून औषध द्यावें लागतें. वॉरफरिन हें त्यांतलें जुनें औषध. त्याची गोळी अगदीं स्वस्त. परंतु तिची मात्रा फार जपून ठरवावी लागते, त्यासाठीं रक्त वरचेवर तपासावें लागतें, आणि खाण्यांतील पालेभाजी बदलली तरी मात्रा चुकते. शहरांतल्या माणसाला हें साधतें. ज्याला तपासणीसाठीं तालुक्याच्या गांवीं जावें लागतें, ज्याची त्या दिवसाची मजुरी बुडते आणि बरोबर येणाऱ्या मुलाचीहि बुडते, त्याच्या घरचा हिशेब केला तर तपासणी न लागणारें नवें, महाग औषध स्वस्त पडण्याचा संभव आहे. तपासणी टळली आणि मेंदूंत रक्तस्राव झाला म्हणजे तर विचारूंच नका. हा हिशेब औषधाच्या वेष्टनावरील छापील किंमतींत सांपडत नाहीं. तो रोग्याला दोन प्रश्न विचारल्यानें सांपडतो. कोठून आलांत, आणि आज कामावर गेलां असतां तर काय मिळालें असतें? अर्थशास्त्राचा मोठा ग्रंथ वाचण्यापूर्वीं एवढें विचारणें कोणालाहि शक्य आहे.

मूळ नांवानें औषध लिहावें कीं कंपनीच्या नांवानें, या वादांत येथें फार वेळ घालविण्याचें कारण नाहीं. भारतीय वैद्यक परिषदेनें २००२ सालच्या आचारनियमांत शक्यतों मूळ नांवें लिहावीं असें सांगितलें आणि २०१६ सालीं तो नियम अधिक स्पष्ट केला. तरी अनेक डॉक्टर कचरतात, आणि तें केवळ लोभानेंच असें म्हणणें अन्यायाचें होईल. अपरिचित कारखान्याच्या गोळीचा भरंवसा काय, ही त्यांची शंका खरी असूं शकते. ती दूर करण्याचें काम औषधें तपासणाऱ्या सरकारी खात्याचें आहे. तें डॉक्टरच्या शीलावर ढकलून चालणार नाहीं. पण शंका आहे म्हणून शोधच न करणें, हेंहि शील नव्हे.

डॉक्टरी व्यवहारांत अर्थशास्त्राचा जो एक विचार खरोखर डोळे उघडणारा आहे तो सरासरी खर्च आणि शेवटच्या पायरीचा खर्च यांतील भेदाचा. याचा एक दाखला प्रसिद्ध आहे. आंतड्यांतील कर्करोग लवकर कळावा म्हणून मलांतील अदृश्य रक्ताची परीक्षा एकापाठोपाठ सहा वेळां करावी असा परिपाठ अमेरिकेंत सुचविला गेला होता. न्यूहौसर व लेविकी या दोघांनीं १९७५ सालीं त्याचा हिशेब मांडला. दहा हजार लोकांत सहाहि परीक्षा केल्या तर सांपडणाऱ्या प्रत्येक रोग्यामागें सरासरी २,४५१ डॉलर खर्च येतो. हा आंकडा कोणालाहि वाजवी वाटेल. परंतु पहिल्या परीक्षेंतच ७२ पैकीं सुमारें ६६ रोगी सांपडून जातात. पुढच्या प्रत्येक परीक्षेंत थोडे थोडे; आणि सहाव्या परीक्षेनें जो कांहीं जास्त लाभ होतो तो इतका सूक्ष्म कीं, तिच्यामुळें एक जादा रोगी सांपडावयाचा तर ४ कोटी ७१ लाख डॉलर खर्चावे लागतील! पुढें कांहीं अभ्यासकांनीं या हिशेबाच्या मुळाशीं असलेल्या गृहीतांवर आक्षेप घेतले, आणि ते विचार करण्यासारखे आहेत. एवढा मोठा आंकडा थोड्याशा माहितीवर उभा केलेला होता. परंतु दाखल्याचें मर्म त्या आंकड्यांत नाहीं. 'खात्रीसाठीं आणखी एकदां तपासून पाहूं' हें वाक्य प्रत्येक दवाखान्यांत रोज उच्चारलें जातें. तें उच्चारतांना पहिल्या तपासणीचा उपयोग मनांत असतो आणि पैसे मात्र सहावीचे पडतात.

याहून अधिक बोलका दाखला डोळ्यांच्या औषधांचा आहे. उतारवयांत दृष्टिपटलाच्या मध्यभागीं नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटून दृष्टि जाते, असा एक विकार आहे. पूर्वीं त्यावर फारसा उपाय नव्हता. रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारें बेव्हासिझुमॅब हें औषध २००४ सालीं अमेरिकेंत आंतड्याच्या कर्करोगासाठीं संमत झालें. कांहीं नेत्रवैद्यांनीं त्याचा अगदीं थोडा अंश डोळ्यांत टोंचून पाहिला, आणि गुण आला. २००६ सालीं त्याच कंपनीचें, त्याच जातकुळीचें, पण मुद्दाम डोळ्यांसाठीं तयार केलेलें रॅनिबिझुमॅब हें औषध बाजारांत आलें. त्याची एक मात्रा सुमारें २,००० डॉलर. आणि पहिल्या औषधाची मोठी कुपी निर्जंतुकपणें वाटून घेतली तर डोळ्याला पुरणारी मात्रा सुमारें ५० डॉलर. एकीच्या किंमतींत चाळीस! दोन्हींची समोरासमोर परीक्षा करण्यांत ज्यांचें हित होतें ते रोगी होते. कंपनीचें त्यांत हित नव्हतें. म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेनें सरकारी पैशानें ती करविली. सुमारें १,२०० रोग्यांवरील या परीक्षेचे निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध झाले: दृष्टि राखण्यांत दोन्ही औषधें सारखींच. स्वस्त औषध घेणाऱ्यांत शरीराच्या इतर भागांचीं गंभीर दुखणीं कांहींशीं अधिक आढळलीं, परंतु सर्व परीक्षा एकत्र करून पाहिल्यावर तो भेद टिकला नाहीं. कुपी वाटतांना हलगर्जीपणा झाला तर डोळ्यांत जंतु शिरून तो कायमचा जातो, ही भीति मात्र खरी आहे, आणि तसे प्रकार घडलेलेहि आहेत. तेव्हां स्वस्त औषध वापरणें म्हणजे नुसतें स्वस्त औषध लिहिणें नव्हे, तर तें निर्जंतुक रीतीनें वाटण्याची व्यवस्था करणें होय. आणि तिलाहि खर्च आहे.

इंग्लंडांत ईशान्येकडील बारा सरकारी आरोग्यमंडळांनीं आपल्या रोग्यांना बेव्हासिझुमॅबचा पर्याय द्यावयाचें ठरविलें. डोळ्यांचीं महाग औषधें विकणाऱ्या दोन कंपन्यांनीं त्यांना कोर्टांत खेंचलें. २०१८ सालीं निकाल मंडळांच्या बाजूनें लागला. या वादांत 'रोग्याचें हित' हा शब्द दोन्ही बाजूंनीं सारख्याच श्रद्धेनें उच्चारला गेला. मौज अशी कीं, उत्तम औषधाचा आग्रह धरणारा निःस्वार्थी डॉक्टर आणि महाग औषध विकणारी स्वार्थी कंपनी यांची भाषा अशा वेळीं इतकी एकरूप होते कीं, कोण बोलतो आहे हें आवाजावरून ओळखतां येऊं नये. 'माझ्या रोग्याला सर्वांत चांगलें तेंच' हें वाक्य ज्याला किंमती ठाऊक आहेत त्यानें उच्चारलें तर तें व्रत होय. ज्याला ठाऊक नाहींत त्यानें उच्चारलें तर तें हलवायाच्या घरावर ठेवलेलें तुळशीपत्र होय.

इतका वेळ आपण रोग्याच्या स्वतःच्या थैलीबद्दल बोललों. तेथें प्रश्न कठीण नाहीं. कारण खर्च वाचला तर तो ज्याचा वांचला तोच रोगी समोर बसलेला आहे. खरी अडचण थैली सर्वांची असते तेव्हां उभी राहते. सरकारी रुग्णालयाच्या वर्षाच्या औषधांची रक्कम ठरलेली आहे. आज या रोग्याला महाग औषध दिलें तर मार्चमध्यें येणाऱ्या कोणाला तरी 'बाहेरून आणा' अशी चिठ्ठी मिळणार. तो कोण, हें आज कोणालाच ठाऊक नाहीं. त्याला तोंड नाहीं, नांव नाहीं, रडणारे नातेवाईक नाहींत. अर्थशास्त्रज्ञ म्हणतात कीं, कोणत्याहि खर्चाची खरी किंमत रुपयांत नसते, त्या रुपयांनीं जें दुसरें करतां आलें असतें त्यांत असते. दवाखान्यांत हें 'दुसरें' म्हणजे दुसरा रोगी. आणि म्हणूनच 'मनुष्याच्या जिवाला किंमत नाहीं' हें वाक्य येथें उपयोगी पडत नाहीं. पारड्यांत एका बाजूस जीव आणि दुसऱ्या बाजूस पैसा असता तर तें वाक्य पुरेसें होतें. परंतु दोन्ही पारड्यांत जीवच आहेत, एक दिसणारा आणि एक न दिसणारा.

या अदृश्य रोग्याला तोंड मिळवून देण्यासाठीं अर्थशास्त्रज्ञांनीं एक माप तयार केलें. आयुष्याचें एक वर्ष पूर्ण निरोगीपणें गेलें तर तें एक. व्याधीनें अर्धवट पंगू होऊन गेलें तर अर्धें, पाव, जसें असेल तसें. एखाद्या उपचारानें अशीं किती कसदार वर्षें मिळतात आणि प्रत्येक वर्षामागें किती खर्च पडतो, हें काढावयाचें. इंग्लंडांत १९९९ सालीं नाईस नांवाची संस्था या कामासाठीं स्थापन झाली, आणि कित्येक वर्षें अशा एका वर्षामागें २०,००० ते ३०,००० पौंडांपर्यंतचा खर्च ती सामान्यतः मान्य करीत आली. हें माप म्हणजे माणसांचा बाजारभाव, अशी त्याच्यावर टीका होते. ती उथळ आहे. गंभीर टीका निराळीच आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचें वर्ष जर अर्धेंच धरलें, तर त्याचा जीव वांचविण्याचें मोलहि धडधाकट माणसाच्या जिवाच्या निम्मेंच ठरतें. म्हणजे दैवानें एकदां ज्याला कमी दिलें त्याला हें गणित दुसऱ्यांदा कमी देतें. अमेरिकेनें २०१० सालच्या आरोग्यकायद्यांत अशा मापाची ठराविक मर्यादा घालून उपचार मान्य किंवा अमान्य करण्यास आपल्या सरकारी आरोग्ययोजनेंत मनाई केली, ती याच प्रकारच्या आक्षेपामुळें. आमच्या मतें मापाला दोष आहे म्हणून मापणेंच सोडावें, हें मात्र बरोबर नाहीं. माप टाकून दिल्यावर जें उरतें तें न्यायाचें राज्य नसतें; ज्याची ओळख मोठी, ज्याचा आवाज मोठा, त्याचें राज्य असतें.

मग लेव्हिन्स्कीच्या म्हणण्यांत तथ्य कोठें आहे? तें येथें आहे. हा हिशेब उशाशीं, गुपचूप, एकट्या डॉक्टरच्या मनांत होतां कामा नये. हेन्री अ‍ॅरन व विल्यम श्वार्ट्झ या दोन अमेरिकन लेखकांनीं १९८४ सालीं ब्रिटिश रुग्णालयांवर एक पुस्तक लिहिलें. त्या काळीं तेथें मूत्रपिंडें निकामी झालेल्यांचें रक्त यंत्रानें शुद्ध करण्याच्या सोयी अपुऱ्या होत्या, आणि उतारवयांतील अनेक रोग्यांपर्यंत तो उपचार पोंचतच नसे. यंत्रें कमी होतीं ही गोष्ट समजण्यासारखी आहे. परंतु रोग्याला तसें सांगितलें जात नसे. तुमच्या प्रकृतीला हा उपचार योग्य नव्हे, आतां करण्यासारखें फारसें कांहीं नाहीं, अशा वैद्यकी भाषेंत पैशाचा निर्णय गुंडाळून दिला जाई. आणि लेखकांच्या मतें, तो देणाऱ्या डॉक्टरांचाहि हळूहळू त्या भाषेवर विश्वास बसत गेला होता. डॉक्टर निष्ठुर नव्हते. उलट, निष्ठुरपणा असह्य झाल्यामुळें त्यांनीं त्याला शास्त्राचें पांघरूण घातलें. रोग्याला मात्र यामुळें दुहेरी नुकसान झालें. उपचार गेला, आणि तो कां गेला हें कळण्याचा हक्कहि गेला. कारण कळलें असतें तर त्याच्या मुलांनीं आरडाओरड केली असती, वर्तमानपत्रांत लिहिलें असतें, यंत्रें वाढविण्यासाठीं मतें मागणारांना जाब विचारला असता. 'तुमचें वय झालें' या उत्तरावर कोणी मोर्चा काढीत नाहीं.

डॉक्टरनें सार्वजनिक पैशाचा विचार करूं नये असें नाहीं. त्यानें तो समितींत बसून, रुग्णालयाची औषधांची यादी ठरवितांना, सर्वांना वाचतां येईल अशा नियमाच्या रूपानें करावा. यादी ठरली म्हणजे मग रोग्यासमोर बसून तिच्या मर्यादेंत त्याची वकिली करावी, आणि मर्यादा आड आली तर ती मर्यादा पैशाची आहे असें स्पष्ट सांगावें. 'हें औषध तुम्हांला उपयोगी पडलें असतें. येथें तें नाहीं' हें वाक्य उच्चारणें किती जड आहे, हें ज्यांनीं उच्चारलें त्यांनाच ठाऊक. तरी त्याच्याऐवजीं 'तें तुम्हांला मानवणार नाहीं' असें म्हणण्याचा अधिकार कोणत्याहि पदवीनें मिळत नाहीं.

या विचाराची कसोटी पाहण्यासाठीं महाराष्ट्रांतीलच दोन गोष्टी शेजारीं ठेवतां येतात. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग व त्यांचे सहकारी यांनीं ३९ खेड्यांत नवजात अर्भकांची घरींच शुश्रूषा करण्याचा प्रयोग केला. थोड्या शिकलेल्या गांवच्याच बायकांना बाळ ऊबदार ठेवणें, वजन करणें, जंतुदोष ओळखणें आणि वेळ पडली तर सुई टोंचणें हें सर्व शिकविण्यांत आलें. १९९९ सालीं लॅन्सेट या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें, शेजारच्या तुलनेसाठीं घेतलेल्या खेड्यांच्या मानानें नवजात मृत्यूंचें प्रमाण तिसऱ्या वर्षीं सुमारें ६२ टक्क्यांनीं उतरलें. प्रत्येक बाळामागें खर्च ५.३ डॉलर, आणि दर अठरा बाळांमागें एक मृत्यु टळला. म्हणजे एक जीव सुमारें ९५ डॉलरांत. दुसरी गोष्ट २०२१ सालची. पाठीच्या कण्यांतील मज्जातंतु झिजविणाऱ्या एका दुर्मिळ, उपजत विकारानें पीडित अर्भकांसाठीं सोळा कोटी रुपयांचें एक औषध परदेशांतून आणावें म्हणून मुंबईच्या व इतर ठिकाणच्या आईबापांनीं लोकांपुढें पदर पसरला, आणि अनोळखी माणसांनीं शंभर-दोनशें रुपयांपासून देणग्या देऊन ती रक्कम उभी केली. २०१९ सालीं अमेरिकेंत तें औषध आलें तेव्हां त्याची किंमत २१ लाख डॉलरांवर होती. भागाकार करूं गेलें तर एका बाळाच्या औषधांत गडचिरोलीच्या त्या काळच्या भावानें बावीस हजार बाळें वांचतात. भाव पांचपट वाढले असें धरलें तरी चार हजारांवर वांचतात.

भागाकार बरोबर आहे. तरी त्या आईबापांपुढें तो मांडणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणूं? पाण्यांत बुडणाऱ्या माणसाला वर काढतांना कोणी दोरखंडाचा भाव विचारीत नाहीं. ही प्रवृत्ति मनुष्यजातीच्या मोलाच्या ठेव्यांपैकीं एक आहे, आणि ती हिशेबानें मारून टाकली तर उरलेल्या बाळांसाठींहि कोणी पैसे देईल असें वाटत नाहीं. देणाऱ्यांनीं दिलेला तो पैसा दुसऱ्या कोणाच्या तोंडचा काढलेला नव्हता. तो त्या बाळाकडे पाहूनच खिशांतून बाहेर आला होता. तेव्हां त्या उशाशीं बसलेल्या डॉक्टरचें काम हें औषध काय करूं शकतें व काय करूं शकत नाहीं, गेलेली शक्ति त्यानें कितपत परत येते, किती दिवसांच्या आंत दिलें पाहिजे, एवढें खरें खरें सांगण्याचें. परंतु तोच डॉक्टर दुसऱ्या दिवशीं सरकारच्या समितींत जाऊन बसला, आणि दुर्मिळ रोगांसाठीं काय द्यावें हा प्रश्न तेथें निघाला, तर बावीस हजारांचा भागाकार मांडणें हें त्याचें कर्तव्य होतें. केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या धोरणांत अशा रोगांसाठीं मदतीची मर्यादा वीस लाख रुपये होती, पुढील वर्षीं ती पन्नास लाखांवर नेली गेली. पन्नास लाखांनीं सोळा कोटींचें औषध येत नाहीं. तेव्हां ती मर्यादा तेथेंच कां, ती वाढविली तर कोणत्या दुसऱ्या कामाचे पैसे कमी पडतात, आणि सोळा कोटी हा आंकडा मुळांत कोणी व कशावरून ठरविला, हे प्रश्न त्याच टेबलावर विचारावयाचे आहेत. शेवटचा प्रश्न विचारल्यानें भाव उतरत नाहींत असें मुळींच नाहीं. हृदयाच्या रोहिणींत बसविण्याच्या औषधवेष्टित जाळीची किंमत फेब्रुवारी २०१७ मध्यें सरकारनें २९,६०० रुपयांवर बांधून दिली, तेव्हां त्याच वस्तूसाठीं आदल्या आठवड्यापर्यंत किती पैसे भरले जात होते, हें हृदयाच्या रुग्णालयांत ज्यांचें जाणें-येणें आहे त्यांना विचारावें.